चिंध्यांची वाट

रवि., १० नोव्हें.

खुणा बांधून झाल्या. तलावाच्या पाळीपासून वर पठारावर आणि नाल्याच्या अंगाने परत, सात किलोमीटर. प्रत्येक फाट्यावर जिकडे वळायचं तिकडच्या पहिल्या झाडाला एक लाल चिंधी. झाडांना रंग लावायचा नाही, खिळे ठोकायचे नाहीत, असं रेंजरसाहेबांनी बजावलं होतं. म्हणून वि.च्या दुकानातून लाल सुती कापडाचा शिल्लक तुकडा आणला आणि काल बसून पट्ट्या फाडल्या. वि. बघत होता. "आपल्या लग्नात नव्हता एवढा लाल कपडा," म्हणाला.

सोबत कळंबे काका. रेल्वेतून निवृत्त, शेवटची नोकरी तिगाव स्टेशनात, त्यामुळे खूण म्हटली की त्यांना सिग्नलच दिसतो. प्रत्येक गाठ ओढून पाहिली. "मॅडम, पोस्टात ठप्पे मारून मन नाही भरलं काय? आता झाडायले पत्ते लिवून राहिल्या!"

पठारावर बसून संत्री खाल्ली. खाली सौसर, पूर्वेला निळसर धुरकट रेघ, ते पेंच. आमच्याकडची माणसं पेंचला जातात, जिप्सीत बसतात, वाघ दिसला नाही की चिडून परत येतात. हे जंगल घराजवळचं. गेट नाही, तिकीट नाही. इथे लोक लाकडाला येतात, तेंदूपत्त्याला येतात, मोहाला येतात. नुसतं चालायला कोणी येत नाही. बाई तर नाहीच.

मला एवढंच हवं आहे: कोणालाही सोबत चल म्हणून न विनवता सौसरच्या बाईला चालता येईल अशी एक वाट. आज ती आहे. अभिमान वाटतो. वाटू दे.

मंगळ., १२ नोव्हें.

अर्धी रजा. रेंज ऑफिस. साहेब भले वाटतात, मंडल्याकडचे.

गावकऱ्यांच्या सरपण-चाऱ्याच्या हक्काची, निस्तारची जुनी वाट असल्यामुळे चालायला बंदी नाहीच, ढान्यावरचे, म्हणजे जंगलातल्या वाडीवरचे लोक रोज ये-जा करतात. परवानगी हवी ती जाहीर बोलावणं करायला आणि तलावाजवळ फलक लावायला. सगळ्यांनी मिळून चालायला जानेवारीतला दुसरा रविवार तोंडी ठरला. अट एक. साहेब म्हणाले, "लिखकर दीजिए, मैडम. बिना गाइड के आदमी इस रास्ते पर भटकेगा नहीं. ये लाइन आपके हाथ की चाहिए."

त्यांची काळजी तिसऱ्या फाट्याची. तिथे मोठं साजाचं, ऐनाचं झाड आहे. उजवीकडची वाट पठारावर जाते. डावीकडची बांबूत उतरते, आणि पुढे पेंचकडे जाण्या-येण्याची जनावरांची जागा आहे. तिकडे कोणी उतरायला नको.

लगेच लिहून देणार होते. पेन हातात होता. म्हटलं, आणखी दोन-चारदा जाऊन बघते, मग देते. साहेब हसले. का हसले कोण जाणे.

रवि., २४ नोव्हें.

ऑफिसातल्या दोघींना नेलं. दोघी चपला घालून आल्या, तरी चालल्या.

तिसऱ्या फाट्यावर माझ्या लाल चिंधीशेजारी एक पिवळी. नीट बांधलेली. काका म्हणतात, ढान्यावरच्या कोणीतरी मदत केली असेल. मलाही तसंच वाटलं. घरी येऊन वि.ला सांगितलं, लोक आपली वाट आपलीशी करून राहिले.

रवि., ८ डिसें.

पिवळीच्या जागी आज मोजायला बसले तर सतरा. निळ्या, हिरव्या, एक चौकड्याच्या लुंगीची. बुंध्याशी फुटलेला नारळ, दोन बांगड्या. आणि फक्त त्याच झाडाला नाही. डावीकडे उतरणाऱ्या वाटेवरही झाडामागून झाड, थेट बांबूपर्यंत.

काका कपाळाला हात लावून खाली बसले. "मॅडम, तुमी खूण नाही लावली. तुमी चिंधीदेव केला!"

मला कळायला वेळ लागला, हे काय कमी लाजिरवाणं आहे? लहानपणी घाट चढताना एस.टी. थांबायची आणि बायका उतरून लुगड्याच्या काठाची चिंधी झाडाला बांधायच्या, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जंगलात झाडाला चिंधी बांधली तर आमच्या मुलखात तिचा अर्थ एकच होतो. भूगोलात एम. ए. झालेल्या बाईला तो आठवला नाही.

खालून लाकडाची मोळी घेऊन फुलवंताबाई आली. ढान्यावर राहते, साठीची, या जंगलात माझ्याआधी चाळीस वर्षं चाललेली. विचारलं, ह्या कोणी बांधल्या?

"तुमीनंच तं बांधली पयली."

"मी वाट दाखवायला बांधली."

"आमाले का मालूम? पोस्टातली बाई दर ऐतवारी येते, झाडाले गाठ मारते, मंग हात झटकून पाह्यत राह्यते. आमी म्हटलं, मोठाच नवस असंन. मंग आमी काहून मागं राहाव? कोनी लेकराच्या तापाची बांधली, कोनी कापसाची." मोळी टेकवून ती हसली. "जाची जिकडं वाट, तिकडचं झाड."

म्हणजे मोहाकडे जाणारीने मोहाकडे, नाल्याला जाणारीने नाल्याकडे. माझ्या खुणा आता चारी दिशांना जातात.

आणि एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती बरोबर नव्हती. ते सगळं बघून क्षणभर मला आनंद झाला. मी बांधलेल्या गाठीला कोणी हात जोडतं, याचा.

बुध., ११ डिसें.

काकांचा सल्ला: कात्री न्यायची, लाल सोडून बाकी साफ. वि. म्हणाला, "कात्री दुकानात आहे, घेऊन जा. पण देव कापायला चालली म्हणून बाजारात सांगत नको बसू."

दोघेही गमतीत बोलत होते. मी नाही.

रवि., १५ डिसें.

एकटी जाणार होते, पण तलावाच्या पाळीवर काका उभेच होते. बरं वाटलं. का बरं वाटलं ते नंतर पाहू.

डावीकडच्या वाटेवर दोन चिंध्या कापल्या. एक हिरवी, एक मळकी पांढरी. तिसरी हातात घेतली तर तान्ह्या बाळाच्या झबल्याची बाही. बाहीला बारीक लेस. कात्री पर्समध्ये टाकली.

कापलेल्या दोन फेकवेनात. तशाच घेऊन ढान्यावर गेले. फुलवंताबाई अंगणात गोवऱ्या रचत होती. सांगितलं, माझ्याकडून चूक झाली. तिने दोन्ही उलटून पाहिल्या.

"कापली तं कापली. देव का तुमच्या पोस्टातला बाबू हाय, पावती मागाले?" मग हिरवी कमरेला खोचली. "हे जिची हाय तिले नोको सांगू. मी बांधून देतो."

चहा पाजला. मी निर्दोष सुटले असं घरी येईपर्यंत वाटत होतं.

रवि., २२ डिसें.



पांढुर्ण्याची मोठी ताई, वय अठ्ठावन्न, साखरेचा त्रास, बाजारापर्यंतसुद्धा ऑटोने जाणारी. मी फोनवर इतकी वाट-वाट करते म्हणून आज आपल्या सुनेला घेऊन न सांगता आली. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. मी दुपारी दुकानात बसले होते, वि. जेवायला गेला होता. चार वाजता सुनेचा फोन: "मावशी, लाल चिंध्या संपल्या, आता निळ्याच निळ्या आहेत. पुढं बांबू लागला." आणि फोन कट.

मी, वि., काका मोटारसायकलींवर. तलावाशी पोचलो तर ताई पाळीवर बसून पाणी पिते आहे, शेजारी फुलवंताबाई विडी ओढते आहे. तिनेच बांबूतून वळवून आणलं होतं. काही झालं नाही. काहीच झालं नाही.

मला रडू आलं तर ताईच ओरडली. "काय झालं बेबी तुले? पायात काटा मोडला नाही माझ्या! आठ किलोमीटर चालली मी! आठ! पांढुर्ण्यात सांगितलं तर कोणी मानणार नाही."

"भीती नाही वाटली?"

"वेळ कुठं होता? चिंध्या मोजून राहिली होती मी."

सून मात्र पांढरी पडली होती.

पंधरा तारखेला हातात कात्री होती. डावीकडच्या सगळ्या कापल्या असत्या तर ताई उतरली नसती. एकही कापली नसती तर निदान मी स्वतःला दयाळू तरी म्हणू शकले असते. मी दोन कापल्या. घाबरटाचा हिशोब.

मंगळ., २४ डिसें.

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. चिंध्या, नारळ, ताई.

"मैडम, शिकायत तो किसी ने की नहीं. आपने बताया क्यों?"

म्हटलं, त्या ओळीखाली सही माझी असणार आहे.

 साहेब म्हणाले, दोन वॉचर पाठवतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे, सगळं साफ. मी नको म्हटलं. मग वर्दीची माणसं येऊन बायांचे नवस कापून गेली, हेच लोकांच्या लक्षात राहील. मग ती वाट कसली. साहेब म्हणाले, मग दर वेळी गाइड ठेवा. तेही नको म्हटलं. सोबत लागलीच तर मी काय केलं?

"आप खुद कभी अकेली चली हैं उस पर?"

मनात मोजलं. चौदा वेळा गेले. दर वेळी काका, नाहीतर ऑफिसातल्या, नाहीतर वि.

नाही, म्हटलं.

साहेबांनी फाइल बंद केली. जानेवारीचा रविवार रद्द.

रवि., २९ डिसें.

ढान्यावर. फुलवंताबाईला सरळ विचारलं: बाई, आता काय करू? कापायच्या नाहीत, ठेवल्या तर माणसं चुकतात.

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "त्याले कोनी बसवलाच नाही. मंग तो फिरनारच ना."

"कोण?"

"देव. एक जागा द्या लागते त्याले. जागा नाही तं झाडोझाड हिंडन. त्याची का गलती?"

एवढं सोपं. दीड महिना मी हा प्रश्न खुणांचा समजत होते. तिच्या लेखी तो घराचा होता.

मी माझी भीती सांगितली: जमीन सरकारची, उद्या कोणी ओटा बांधेल, परवा छप्पर, मग पत्र्याचा फलक, मग भांडण. ती पहिल्यांदाच रागावली. "ओटा कायले? चिंधीदेव उघड्यावरच राह्यते. घर बांधलं तं तो चिंधीदेव कसा?"

रवि., ५ जाने.

आज.

ढान्यावरच्या अकरा बाया, काका, वि., ताई (पांढुर्ण्याहून, नवे बूट घालून) आणि मी. कापूस वेचणीचा एक दिवस बुडवून बाया आल्या होत्या, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

साजाच्या झाडाखाली फुलवंताबाईने शेण-पाण्याचा सडा टाकला, गूळ ठेवला. मग माझ्याकडे वळली. "पयली तुमीनं बांधली. पयली तुमीच सोडा."

मी माझ्या लाल चिंध्या सगळ्या सोडवल्या, खालून वरपर्यंत. काही गाठी काकांनी इतक्या आवळल्या होत्या की दातांनी सोडवाव्या लागल्या. "रेल्वेची गाठ हाय ते," काका लांबून ओरडले, "तुमच्या पोस्टाची नोय!" बायांनी ज्याची त्याची चिंधी ओळखून सोडली. झबल्याची बाही एका पोरसवदा बाईने सोडवली आणि कोणाकडे न बघता साजाला बांधली. तिचं बाळ बरं आहे का, विचारायचं धाडस झालं नाही. नंतर पाठीवर बांधलेलं दिसलं. झोपलं होतं.

दुपारपर्यंत जंगलात दुसरी एकही चिंधी नव्हती. सगळ्या त्या एका झाडावर.

वाटेच्या खुणा आता जमिनीवर. फाट्यावर गुडघ्याएवढी दगडांची रास, वरच्या दगडाला चुना. चुन्याचं साहेबांना आधी विचारून घेतलं होतं. पावसाळा संपला की दर वर्षी लावावा लागेल. बाया म्हणाल्या, घर सारवतो तसं हेही करून टाकू. डावीकडच्या वाटेच्या तोंडाशी ताईने स्वतः काट्यांची फांदी ओढून आडवी टाकली. "इथूनच उतरली होती मी," येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती. किल्ला जिंकल्यासारखं.

इतकी माणसं, इतकं हसणं, आणि त्या वाटेवर आज कोणी लाकूड तोडायला आलेलं नव्हतं. आयुष्यात दोन-तीनदाच इतका आनंद झाला असेल. मी चुकीने सुरू केलेलं काम अकरा बायांनी बरोबर करून दिलं. अभिमान माझा नाही, त्यांचा. पण वाटतो मला.

गुरु., ९ जाने.

रजा टाकली. काकांना सांगितलं नाही. वि.ला सांगितलं, एवढंच म्हणाला, "पाणी घे."

सकाळी साडेसातला तलावावरून निघाले. एकटी.

भीती वाटली. हे आधी लिहिते. सागाची वाळली पानं एवढी मोठी वाजतात हे सोबत असताना कधी ऐकू आलं नव्हतं. माझ्याच पावलाला दोनदा वळून पाहिलं. दुसऱ्या फाट्यापुढे ओल्या मातीत पंजा होता, बिबट्याचा असावा, कधीचा ते मला कळत नाही. तिथे उभी राहिले. परत फिरले असते तर कोणाला कळणार नव्हतं. वानरं निवांत पानं खात होती. ती निवांत आहेत म्हणजे जवळ काही नाही, हे काकांनी शिकवलेलं. पुढे गेले.

साजाशी थांबले नाही. डावीकडे बघितलं, काट्यांची फांदी जागच्या जागी. उजवीकडे दगड पांढरा. पठारावर एक संत्रं खाल्लं, साल पिशवीत ठेवली. बसून काय काय विचार केला ते लिहिण्यासारखं नाही. घराचा केला. आईचा केला. नोकरीला तेवीस वर्षं झाली, या तेवीस वर्षांत कोणाच्या हाकेच्या टप्प्याबाहेर किती वेळा होते, ते आठवत बसले. एकदाही नाही.

पावणेअकराला परत तलावावर. भेटायला कोणी नव्हतं. तोंड धुतलं.

"भटकेगा नहीं" हे आता लिहू शकते. "डरेगा नहीं" असं लिहू शकणार नाही. ते कोणी मागितलेलं नाही.

शुक्र., १० जाने.

कागद दिला. हिंदीत, माझ्या अक्षरात, एक पान. प्रत्येक फाट्याचं वर्णन. तिसऱ्यावर: "यहाँ साज के पेड़ पर चिंधीदेव हैं. उनके दाहिने से ऊपर जाएँ."

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा. "मैडम, देव को कागज़ पर मत लाइए. ऊपर वाले पूछेंगे, किसकी परमिशन से बैठे हैं. 'बड़ा साज का पेड़' लिख दीजिए, आज ही साइन कर देता हूँ."

आजच. फक्त एक शब्द बदलायचा.

पण जो कोणी पहिल्यांदा जाईल त्याला तिथे साजाचं झाड दिसणार नाही. चिंध्याच चिंध्या दिसतील. मग तो माझा कागद खोटा समजेल आणि पुढचे दगडही. आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नाही. अकरा बाया एक दिवसाची मजुरी सोडून आल्या होत्या आणि मी त्यांना कागदावरून पुसायचं?

म्हटलं, राहू दे असंच.

"तो फिर ऊपर भेजना पड़ेगा. कब आएगा, मैं नहीं बता सकता."

भेजिए, म्हटलं. बाहेर आल्यावर मनात आलं: हट्ट केला का? बाकीच्या बायांची वाट माझ्या एका शब्दापायी अडकवली का? वि. म्हणतो, बरोबर केलं. वि. नेहमीच म्हणतो. काका म्हणाले, "लाल सिग्नल हाय. गाडी उभी हाय. पटरीवरच हाय पण."

सोम., १३ जाने.

काउंटरवर गर्दी. संक्रांतीची पार्सलं.

साडेबाराच्या सुमारास एक बाई, चाळिशीच्या आतली, बोरगावची. रजिस्टर पत्र द्यायला आलेली. पावती घेतली तरी हटेना. मागचा माणूस कुरकुरायला लागला. मग काचेच्या भोकाशी तोंड आणून हळूच, "मॅडम, ते तलावावरून वर जाते ते वाट तुमचीच काय?"

माझी नाही, म्हटलं. सगळ्यांची आहे.

"एकटीनं जाता येते?"

वरून कागद आलेला नाही. फलक नाही. जाहीर बोलावणं नाही. साहेबांची सही नाही. मी गेले ती एकदाच, आणि घाबरत. हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं आणि मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, लवकर करा ना."

"येते," मी म्हणाले.

तिने मान हलवली, पावती ब्लाउजमध्ये ठेवली आणि गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही. पांढऱ्या दगडांचं सांगायचं राहिलं. कोणत्या दिवशी जाणार, तेही विचारलं नाही.